आकडा नेमका कशाचा?

लिलावाच्या यादीतल्या एका ओळीने बरेच दिवस डोकं खाल्लं. फोटोत सांबरशिंगाच्या मुठीचा जाडजूड घडीचा चाकू, सगळी हत्यारं उघडून ठेवलेली, आणि खाली मजकूर: ‘घोडेस्वाराचा जुना चाकू, खुरातला खडा काढायच्या आकड्यासह.’ आकडा होता खरा, पण आगकाडीहून जेमतेम जाड, आणि टोकाच्या आतल्या बाजूला बारीक खाच असलेला. खुरात रुतलेला खडा उचकटायला तो घातला असता तर खडा जागेवर राहिला असता आणि आकडा वाकला असता. शिवाय मुठीच्या मागच्या टोकाला जर्मन सिल्व्हरमध्ये एक सुबक अर्धगोल कापलेला होता. त्याच्याबद्दल यादीत चकार शब्द नव्हता. म्हणजे विकणाऱ्याला जे हत्यार दिसलं ते त्या चाकूत नव्हतंच, आणि जे होतं ते त्याला नक्षी वाटलं असावं.

जुन्या शिकारी चाकूंच्या बाजारात हे रोजचंच आहे. कुठलाही आकडा दिसला की तो घोड्याच्या खुरासाठी, हे ठरून गेलंय. खुराचा खरा आकडा ओळखणं मुळीच अवघड नाही. तो जाड असतो, टोक बोथट असतं (अणकुचीदार टोक खुराच्या मऊ भागात घुसेल), आणि बहुतेक वेळा तो मुठीच्या पोटात न शिरता पाठीवर बाहेरून बसतो, इतका की मिटल्यावर तो चाकूच्या पाठीचाच भाग वाटावा. अशा चाकूत सोबत कातड्याला भोक पाडायची आरी, लाकडाचं गिरमिट, कधी घोड्याचं रक्त काढायचं नस्तरही सापडतं. पातळ तारेचा, टोकाला वळवलेला आकडा बुटांची आणि हातमोज्यांची बटणं ओढायचा. आणि त्या यादीतल्यासारखा, मध्यम जाडीचा, आत खाच असलेला आकडा हा बंदुकीचा. काडतुसाच्या कुशीतून बाहेर आलेली पितळी पिन त्या खाचेत पकडायची आणि काडतूस ओढून काढायचं.

पिनची काडतुसं आज कुणी पाहिलेली नसतात, म्हणून हा घोटाळा. पॅरिसच्या कासिमिर लफोशो या बंदूककाराने १८३० च्या दशकात नळी खाली झुकवून मागून काडतूस भरायची बंदूक आणली, आणि तिच्या काडतुसाला बाजूने एक पिन असायची. चाप ओढला की बंदुकीचा घोडा त्या पिनवर आपटायचा. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात ही बंदूक इंग्रज बंदूककारांनी नीट पाहिली आणि पुढच्या काही वर्षांत तिकडेही तिचं पीक आलं. गंमत अशी, की त्याच प्रदर्शनात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या चाकूवाल्या पेढीने ७५ पात्यांचा तो अजस्र नॉरफोक चाकू मांडला होता. लोकांच्या तोंडी नाव राहिलं त्या चाकूचं. पण घडीच्या शिकारी चाकूंमध्ये पुढे जो बदल झाला तो लफोशोच्या बंदुकीने घडवला. १८६१ मध्ये जॉर्ज डॉने लंडनमध्ये बुडाच्या मधोमध ठिणगी पाडणारी टोपी असलेलं काडतूस विकायला काढलं आणि पिनचे दिवस भरले. पिन गेली, पण काडतूस अडकायचं थांबलं नाही. मग पकडायला उरला तो फक्त बुडाचा पितळी काठ, आणि त्यासाठी आला तो अर्धगोल.

यादीतल्या चाकूत दोन्ही होतं. म्हणजे त्याच्या मालकाकडे जुनी पिनची बंदूक असावी आणि नवी घ्यायचा विचार तरी असावा, किंवा कारागिराने दोन्ही गिऱ्हाइकं एकाच चाकूत धरली असावीत. कसंही असलं तरी १८६० ते १८८० च्या आसपासचा काळ समोर येतो, तोही कंपनीचं नाव न वाचता.

हत्यारांवरून काळ असा उलगडत जातो. चकमकीच्या बंदुकीचा जमाना असेल तर चाकूत रुंद तोंडाचा पेचकस आणि बंदुकीच्या कानातलं, ठिणगी आत जायचं भोक मोकळं करायची सुई. टोपीच्या बंदुकीचा असेल तर निपल (टोपी बसवायची छोटी नळी) फिरवायची चौकोनी तोंडाची किल्ली. ती पुष्कळदा मुठीच्या टोकात कोरलेली असते आणि लोक तिला नुसतं भोक समजतात. त्यानंतर पिनचा आकडा, त्यानंतर अर्धगोल. प्रत्येक पिढीत मागच्या पिढीचं एखादं हत्यार रेंगाळतं. कारागिरांना जुने साचे टाकवत नसत, आणि शिकारी मंडळी तर बंदुका बापाकडून घेत. त्यामुळे सगळ्यात जुनं हत्यार पाहून काळ ठरवू नये, सगळ्यात नवं पाहावं.

अर्धगोलाकडे जरा वेळ द्यायला हवा, कारण अस्सल-नकली तिथे चटकन कळतं. बहुतेक चाकूंवर १२ आणि १६ हे अंक असतात, काहींवर २०. बंदुकीची ही मापं उलटी चालतात. एक पौंड शिशाचे बारा गोळे केले तर त्यातल्या एका गोळ्याची जाडी म्हणजे १२ बोअर, म्हणून १२ हे १६ पेक्षा मोठं. १२ बोअरच्या काडतुसाचं अंग बुडापाशी सुमारे २०.५ मिलिमीटर आणि काठ २२.५ मिलिमीटरच्या आसपास. १६ चं अंग १९ आणि काठ २०.७, तर २० चं अंग १७.७ आणि काठ १९.४ च्या जवळ. म्हणजे ही अर्धगोल खाच अंगावर बसली पाहिजे, पण काठाखाली अडकली पाहिजे, आणि हा सगळा खेळ दोन्ही बाजूंना मिळून दोन मिलिमीटरचा. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावून १२ ची खाच २२ किंवा त्याहून जास्त भरली तर तिच्यातून काडतूस निसटणार. कुणीतरी ती कानस मारून ‘साफ’ केली आहे किंवा चाकू शोभेसाठीच बनला आहे. शिवाय १२ च्या खाचेत १६ चा काठ जेमतेम अडकतो किंवा अडकतच नाही, म्हणून दोन खाचा वेगळ्या लागत. एकाच खाचेवर १२ आणि १६ दोन्ही अंक कोरलेले दिसले तर खाचेच्या आत पायरी आहे का ते पाहावं. पायरी नसेल तर अंक नंतरचे.

खाचेचा काठही बोटाने तपासावा. पकडीच्या बाजूला तो पातळ हवा, काडतुसाचा काठ आणि नळी यांच्यामधल्या फटीत शिरण्याइतका. जर्मन सिल्व्हर मऊ. म्हणून वापरलेल्या खाचेच्या कडा किंचित चेपलेल्या आणि चकचकीत असतात. पोलादी पट्टीवरची खाच असेल तर कडा टिकते, पण कोपऱ्यातून बारीक तडा जातो, कारण तिथेच सगळा जोर येतो.

मात्र वापरलेल्या खाचा क्वचितच दिसतात.

याचं कारण काडतुसात आहे. तेव्हाची काडतुसं कागदी नळकांड्याची. पावसात, दवात, घामेजल्या खिशात ती फुगत आणि उडवल्यावर नळीत घट्ट बसत. नळी झुकवली की आतला उचल्या, म्हणजे काडतूस उचलणारा तुकडा, ते जेमतेम काही मिलिमीटर वर ढकलायचा. एरवी तेवढं बोटांना पुरत असे, पण भिजलेलं काडतूस तिथेच थांबे, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांना तो ओला पितळी काठ सापडत नसे. अशा वेळी चाकू. मग १८८० आणि ९० च्या दशकांत काडतूस आपोआप बाहेर फेकणाऱ्या यंत्रणा आल्या, निदान महागड्या बंदुकांत. १९६० नंतर प्लास्टिकची नळकांडी आली आणि फुगण्याचा प्रश्नच मिटला. जर्मन कारखाने मात्र त्यानंतरही चाकूला १२-१६ ची खाच ठेवत राहिले. गिऱ्हाइकाला ती हवी होती, वापरायला नव्हे तर शिकारी चाकू शिकारी दिसावा म्हणून. एक गोष्ट इथे सांगून टाकतो: २० बोअरचं काडतूस चुकून १२ च्या नळीत टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, आणि मागून १२ चं भरून चाप ओढला तर नळी फुटते. चाकूचा अर्धगोल तिथपर्यंत पोचत नाही. संग्राहकांच्या गप्पांत ‘हे हत्यार नळी वाचवायचं’ असं ऐकू येतं, ते खरं नाही.

इंग्रजी आणि जर्मन चाकूंचा पिंडच वेगळा. शेफिल्डचा शिकारी चाकू म्हणजे एका गृहस्थाच्या खिशातलं कपाट. मोठं पातं, लहान पातं, बूच काढायचा स्क्रू, करवत, गिरमिट, आरी, मुठीच्या फटींत खोचलेले चिमटा आणि सुई. तो पक्ष्यांच्या शिकारीला जाणाऱ्याचा, जेवणाची टोपली बरोबर असलेल्याचा. जर्मनीतल्या झोलिंगेनचा चाकू मोठ्या जनावरासाठी. त्यात मोठ्या पात्याला बहुधा कुलूप, दुसरं पातं पोट फाडायचं, आणि करवत. पोट फाडायच्या पात्याचं टोक गोल किंवा मण्यासारखं बोथट असतं, म्हणजे कातडी उघडताना आतडं फुटत नाही आणि मांस खराब होत नाही. करवत छातीच्या आणि कमरेच्या हाडासाठी. हे पातं हातात घेतल्यावर त्याची हुशारी कळते आणि त्याच क्षणी ते कशासाठी आहे हेही कळतं. दोन्ही भावना एकदम येतात. त्यातली एक दाबून संग्रह करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

करवत तपासायची एक खूण कुणी फारशी सांगत नाही. जुन्या चांगल्या करवतीचे दात आलटून पालटून बाजूला वाकवलेले नसतात, कारण वाकवले तर ती मुठीच्या फटीत बसणार नाही. त्याऐवजी पात्याची पाठ घासून पातळ केलेली असते. दातांपाशी जाड, पाठीकडे पातळ, म्हणजे हाडात किंवा ओल्या फांदीत ती आवळली जात नाही. वरून आणि खालून जाडी मोजली आणि दोन्हीकडे सारखी भरली, तर ती करवत बाजारातल्या पत्र्यातून नंतर कापून बसवलेली असण्याचा दाट संभव आहे.

आता नावांकडे. संग्राहक तिथूनच सुरुवात करतात आणि म्हणूनच फसतात. पात्याच्या मुळाशी असलेला ठसा सगळ्यात अलीकडची नाही, सगळ्यात लवकरची तारीख सांगतो. रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस १६८२ पासूनचा, शेफिल्डच्याच वोस्टनहोम पेढीचं ‘आय-एक्स-एल’ १७८७ चं. नुसत्या चिन्हाने काहीच ठरत नाही. मुकुटाखाली व्ही-आर असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१, पण ठशाचे जुने साचे राणी गेली म्हणून कुणी त्याच दिवशी फेकले नसतील. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ हा देशाचा शब्द अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर सक्तीचा झाला. म्हणून तो असेल तर चाकू बहुधा त्यानंतरचा. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता. ‘स्टेनलेस’ लिहिलेलं पातं १९१३ च्या आधीचं असूच शकत नाही, हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद त्याच वर्षी ओतलं. आणि लंडनच्या बंदूककाराचं नाव कोरलेलं असलं तरी चाकू बहुतेक शेफिल्डचाच. तिथले ‘लिटल मेस्टर’ म्हणवले जाणारे छोटे कारागीर अनेक पेढ्यांना माल पुरवत, ठसा ज्याचा तो मारी.

जोडतोड केलेला चाकू पकडायचा तर ठसा बाजूला ठेवून पाठीकडे पाहावं. प्रत्येक हत्यार मिटलेलं असताना आणि पूर्ण उघडलेलं असताना पाठीची स्प्रिंग पितळी अस्तराशी, म्हणजे मुठीच्या आतल्या पत्र्याशी, सपाट यायला हवी. मिटल्यावर सपाट आणि उघडल्यावर वर उठलेली असेल तर पातं दुसऱ्या चाकूतून आलंय किंवा मूळ घासलं गेलंय. बोल्स्टरमधली (मुठीच्या टोकाशी असलेल्या धातूच्या भागातली) पिन दिसू नये, कारण मूळ कारागीर ती ठोकून, घासून अंगात जिरवून टाकत. गोल ठसठशीत डोकं किंवा भोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं तर चाकू उघडला गेला आहे. नंतर बारीक टॉर्च घेऊन फटीत बघावं: सगळ्या हत्यारांच्या मुळाशी गंजाचा रंग एकसारखा हवा. सहा काळपट आणि एक तांबूस, तर ते एक पाहुणं. पात्याची झीज नख घालायच्या खाचेवरून कळते. मूळ पात्यात खाच आणि धार यांत पुरेसं अंतर असतं. धार खाचेजवळ सरकली असेल तर पातं निम्मं धार लावण्यात गेलंय. टोक मिटल्यावर अस्तराच्या वर डोकावत असेल तर तेही बहुधा फार धार लावल्याचंच लक्षण. ते परत भरून येत नाही.

जाम झालेलं हत्यार दिसलं की लोक पक्कड काढतात. तिथेच नखखाचेचा काठ तुटतो, आणि तुटलेला काठ दुरुस्त होत नाही. शिवणयंत्राचं पातळ तेल सांध्यात दोन थेंब, चाकू उभा ठेवून रात्रभर थांबायचं, सकाळी पुन्हा दोन थेंब. मग चामड्याच्या तुकड्याने पातं धरून एक-दोन मिलिमीटर हलवायचं, परत मिटायचं, परत तेल. काळी पेस्ट बाहेर येते, ती पुसत राहायची. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्यावेत. गरम पाण्यात बुडवायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नये: शिंग आणि हाड फुगतं, वाळताना आकसतं आणि पिनच्या भोवती तडकतं. आणि एक महत्त्वाचं, एका स्प्रिंगवर दोन टोकांना दोन हत्यारं असतात, ती दोन्ही एकदम अर्धी उघडू नयेत. अर्ध्यावर असताना प्रत्येक हत्यार स्प्रिंगला सर्वांत जास्त उचलतं. दोन्हीकडून उचल आली की जुनं पोलाद मधल्या पिनपाशी मोडतं. लिलावाचे फोटो काढताना हत्यारं पंख्यासारखी अर्धी उघडून ठेवायची जी फॅशन आहे, तिने किती स्प्रिंगा गेल्या असतील.

गंज आणि काळेपणा यांतला फरक न कळल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा तो गंज, तो काढायलाच हवा: तेल लावून, तांब्याच्या मऊ कडेने खरवडून, नाही निघाला तर सगळ्यात बारीक स्टील वूलने, पुन्हा तेलातच. निळसर-काळा, गुळगुळीत थर हा गंज नव्हे, तो पोलादाचं वय आहे आणि संरक्षणही. तो घासून आरशासारखं चकचकीत केलेलं पातं अर्ध्या किमतीचं होतं, आणि ठसा पुसट होतो तो वेगळाच. अमोनियाची पितळ-पॉलिश कधीच नको. साफ झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरेसा. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळावर हिरवं पीठ आणतात आणि पोलादावर ठिपके पाडतात. म्यान वेगळं, चाकू वेगळा.

मुठीचं साहित्य ओळखता येणं गरजेचं, कारण कायदाही तिथेच आडवा येतो. शेफिल्ड आणि झोलिंगेनला पुष्कळ सांबरशिंग भारतातून जाई. त्याचं बाहेरचं कवच जाड, आतला गर कमी, म्हणून घासल्यावरही ते भक्कम राहतं. खाचा पाडून शिंगाचा भास आणलेलं हाड ओळखायचं असेल तर भिंगातून काळे बारीक ठिपके शोधावेत, ती हाडातली रक्तवाहिन्यांची छिद्रं. शिवाय यंत्राने पाडलेल्या खाचांची नक्षी परत परत तीच येते, शिंगावर तसं होत नाही. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. सरळ समांतर रेषाच दिसल्या तर ते बहुधा सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून लागू आहे: काही मोजके अपवाद सोडले तर १९४७ पूर्वीची वस्तू असून तिच्यात हस्तिदंत आकारमानाने १० टक्क्यांहून कमी असेल आणि तिची नोंद केली असेल तरच ती विकता येते. घडीच्या चाकूत दोन्ही बाजूंना हस्तिदंताच्या पट्ट्या असतील तर दहा टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून मोजल्याशिवाय विकत घेऊ नये.

सेल्युलॉइडची भानगड वेगळी. ते जुनं झालं की सडायला लागतं आणि आम्लाची वाफ सोडतं. मूठ चिकट लागते, कापरासारखा तिखट वास येतो, जवळची पाती एका पावसाळ्यात खाल्ली जातात, आणि त्या चाकूची स्वतःची पाती सर्वांत आधी. अशी मूठ दिसली की तो चाकू डब्यातून बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवावा. बंद पेटीत ठेवला तर शेजारच्या शिंगाच्या मुठीच्या चाकूंची पातीही जातात.

मग प्रश्न उरतो तो धार लावायचा. मोठं पातं बहुधा बोथट मिळतं आणि हात शिवशिवतो. संग्रहाच्या दृष्टीने लावू नये, कारण कारखान्याची मूळ धार उरलेलं पातं आता दुर्मीळ आहे. पण त्याच चाकूत खाच कोरीकरकरीत, आकडा वंगणात बुडालेला, आणि मोठं पातं घासून निम्मं राहिलेलं असं चित्र वारंवार दिसतं, म्हणजे मालकाने काडतूस चाकूने क्वचितच काढलं आणि दोरी, पाव, फांदी रोज कापली. असा चाकू बाजारात स्वस्त जातो. मला तो कोऱ्या चाकूपेक्षा जास्त सांगणारा वाटतो, पण विकत घेताना मीही कोऱ्याकडेच वळतो हे खरं आहे.

मुठीतला चिमटा आणि सुई बहुधा हरवलेले असतात. नवे बसवले तर बिघडत नाही, फक्त फटीत ते सैल नसावेत आणि जुन्यासारखे काळवंडवू नयेत. चाकूसोबत एक चिठ्ठी ठेवावी: काय बदललं, कधी, कोणत्या धातूचं, कुठल्या हत्याराची मापं किती. खाचांची मापंही त्यावर लिहावीत, १२ ची वेगळी, १६ ची वेगळी, मिलिमीटरमध्ये एका दशांशापर्यंत. पुढच्या यादीत मजकूर लिहिणाऱ्याला निदान आकडा खुराचा आहे की बंदुकीचा हे तरी कळेल.